वरच्या बागेची वाट

१९ फेब्रुवारी १९६२, सोमवार

फाटकाला साखळी! मनगटाएवढी जाड, वर नवंकोरं कुलूप.

आमचा लॉरीवाला रेग सकाळी रिकाम्या पेट्या घेऊन लॉरी आणत होता, तो फाटकाशीच अडकला. लॉरी तिथेच सोडून अर्धा मैल चढ पायी आला, टोपीने वारा घेत. म्हणाला, "बाई, ब्रॉककडे सोनंबिनं सापडलंय का? तिजोरीला नसेल एवढं कुलूप घातलंय." मी हसले. मला वाटलं, मेंढ्या आत शिरतात म्हणून असेल. रेग म्हणाला, "मेंढ्यांना कुलूप लागत नाही, बाई. कडी पुरते."

हेडली ब्रॉक होते तोवर त्या फाटकाला कडीसुद्धा नव्हती. ते गेल्या जुलैत गेले. मुलगा कीथ होबार्ट शहरातली नोकरी सोडून बायको थेल्माला घेऊन आला आणि खालची बाग बघायला लागला. आमची बाग वर, त्यांची खाली. आमची सफरचंदं सडकेला लावायची तर त्यांच्या बागेतूनच गाडी न्यायची. आजोबांच्या वेळेपासून असंच.

बाबांना सांगितलं नाही. नोव्हेंबरात झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला— "नाही." चहा हवा का? "नाही"— आणि हात कपाकडे. थंडी वाजते? "नाही, नाही"— आणि शाल गळ्यापर्यंत. हो की नाही ते आवाजावरून ओळखायचं. मला ओळखता येतं. परक्याला नाही येत.


२० फेब्रुवारी

रेगला खाली पाठवलं, किल्ली मागायला. कीथचा निरोप घेऊन आला— "तिला म्हणावं, एकदा येऊन विचार. लगेच कुलूप काढतो."

विचार! मी!

याचं नाक पुसलंय मी. त्याची आई गेली तेव्हा सात वर्षांचा होता. दोन वर्षं दुपारचा आमच्याच टेबलावर जेवला. माझ्या हातच्या स्वेटरात शाळेत गेला. आणि मी याला विचारायचं, आमच्या वाटेने जाऊ का म्हणून?

नाही विचारणार.


२२ फेब्रुवारी, गुरुवार

कीथ आज कुंपणाशी भेटला. मुद्दाम थांबला होता की योगायोगाने, कोण जाणे. फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "मर्टल आंटी, रागावलीस म्हणे."

"कुलूप काढ."

"काढतो. विचार."

"काय विचारू? पन्नास वर्षं आमच्या गाड्या जातात इथून."

"जातात ना. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जातात. थेल्माचे धुतलेले कपडे धुळीने लाल होतात. मी कधी बोललो? पप्पा गेले तेव्हा तू आलीस, केक आणलास, रडलीस. सगळं केलंस. पण वाटेबद्दल एक शब्द नाही. बाप गेला, आता जमीन कुणाची हे तुझ्या गावीच नाही. तुझे बाबा, आमोसकाका, दर वर्षी यायचे विचारायला. पप्पा सांगायचे मला."

मी म्हटलं, "ती जुन्या माणसांची थट्टा होती."

तेव्हा त्याने मान वर केली. "पप्पांना थट्टा वाटत नव्हती."

मी वळले आणि चढ चढून आले. धाप लागली, पण थांबले नाही. बघत होता ना!


२४ फेब्रुवारी

कॉक्स सफरचंदं पिकली. काल वारा होता, झाडाखाली सडा.


२८ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या वाटेने माल काढला. नऊ मैलांचा वळसा, सगळा दगडगोट्यांचा. रेग पेट्यांखाली गवत अंथरतो, गोगलगायीसारखी लॉरी चालवतो, तरी कॉक्सच ते. नुसत्या बोटानेही डागतं. बंदराच्या धक्क्यावरच्या तपासनिसाने दहा पेट्या उघडल्या आणि दहाही बंद केल्या. "बाई, हे रसाच्या कारखान्यात द्या. विलायतेत कोण खाणार?"

जहाज शुक्रवारी सुटतंय. आमची एकही पेटी त्यात नसेल. मला कळतं तेव्हापासून असं कधी झालं नाही.

 येताना रेग म्हणाला, "बाई, एक बोलू? विचारायला काय जातं?"

मी म्हटलं, "रेग, तू लॉरी चालव."

चालवली बिचाऱ्याने.


२ मार्च, शुक्रवार

साखळी कापली. मीच. रेगने हत्यार दिलं आणि "मी काही बघितलं नाही" म्हणून पाठ करून उभा राहिला. साखळीची कडी तुटली तेव्हा काय बरं वाटलं! लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

लॉरी पन्नास पावलं गेली असेल. वळणावर कीथ ट्रॅक्टर आडवा लावून त्यावर बसलेला. एकटाच. हातात काही नाही, आरडाओरडा नाही.

म्हणाला, "मागे घ्या, मिस विग्मोर."

मिस विग्मोर! आणि 'घ्या'!

थेल्मा दारात आली होती, पिठाचे हात तसेच.  रेगने लॉरी मागे घेतली. वळवायलाही जागा नव्हती, पार फाटकापर्यंत उलटी नेली.

दुपारी गावचा पोलीस आला. चांगला माणूस आहे, ओशाळून उभा होता. म्हणाला, "साखळी त्यांची, फाटक त्यांचं. वाट कुणाची ते मला ठरवता येत नाही. ते कोर्ट ठरवेल. तोवर, कृपा करा, हत्यारं घरात ठेवा."


६ मार्च, मंगळवार

हुऑनव्हिलला वकील पेनीकॉट यांच्याकडे. बारीक चणीचे गृहस्थ, बोलताना बोटांची टोकं जुळवतात.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. एखादा माणूस वीस वर्षं दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, आपल्या हक्काने, कुणाला न विचारता गेला की ती वाट त्याची होते. कागद असो नसो. पण विचारून जात असेल तर ती मालकाची मेहेरबानी. मेहेरबानी शंभर वर्षं चालली तरी तिचा हक्क होत नाही. मालकाने सकाळी उठून बंद केली की बंद.

मी म्हटलं, "पण आमचे बाबा दर वर्षी तोडणीच्या पहिल्या दिवशी—"

त्यांनी हात वर केला. "बाई, वाक्य पुरं करण्याआधी नीट विचार करा. तुम्ही मला जे सांगाल ते मला विसरता येणार नाही."

घड्याळाचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "—दर वर्षी पहिल्या दिवशी पहिली गाडी स्वतः घेऊन जायचे."

"छान," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.


७ मार्च

इथे तरी खरं लिहावं.

दर वर्षी तोडणीच्या पहिल्या सकाळी बाबा दाढी करायचे, रविवारचा कोट घालायचे आणि पायी खाली जायचे. आई होती तोवर तिच्या हातचा फळांचा केक असायचा. ती गेल्यावर माझ्या हातचा. लहानपणी मी बरोबर जायची, केकचं फडकं धरून. बाबा दारातच टोपी काढायचे. "हेडली, यंदाही तुझ्या रानातून गाड्या न्यायच्या आहेत. नेऊ का?" हेडली खुर्चीतूनच ओरडायचे, "अरे जा की, गाढवा! दर वर्षी काय विचारतोस?" मग दोघं हसायचे, मग चहा. मी जायची बंद झाले, तरी बाबा गेल्या फेब्रुवारीपर्यंत जात होते. काठी टेकत.

एकदा मी विचारलं होतं, कशाला जाता, ते नाही म्हणणार आहेत का? बाबा म्हणाले, "नाही म्हणायची संधी द्यावी लागते, मर्टल. नाहीतर त्याचं 'हो' हे 'हो' कसं?"

म्हणजे कायद्याचा हिशेब असा. शेजारी वाईट असते, बाबा आडदांड असते, तर वाट आमची झाली असती. दोघंही भले होते म्हणून नाही.

हा कुठला न्याय!


१९ मार्च, सोमवार

सफरचंदांतले जोनाथन उतरवले. जोनाथन कणखर, जंगलवाटेने निम्मे तरी धड पोचतात. उरलेले रसाला. तोडणीवाल्या दोन बाया ब्रॉककडे गेल्या. तिथे माल जातोय, इथे रेंगाळतोय, त्या तरी काय करतील.

वरून खालची बाग सगळी दिसते. कीथच्या लॉऱ्या दिवसाला तीन-तीन निघतात.


२९ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये सुगीची प्रार्थना. टेबलावर सगळ्यांची सफरचंदं, भोपळे, कणसं. आमची स्टर्मर आणि ब्रॉकांची स्टर्मर एकाच टोपलीत मांडली होती कुणीतरी. मुद्दाम असणार.

गाव दोन भागांत फाटलंय. बाहेर पडताना म्हातारी मिसेस ऑलडस माझा हात धरून म्हणाली, "तू ढिली पडू नकोस हो. आज तुझी वाट, उद्या आमची विहीर." आणि पलीकडून तिच्याच नवऱ्याचा आवाज— "विग्मोरांना मान वाकवायला डॉक्टर लागतो, तो होबार्टला बसतो!" हशा पिकला.

थेल्मा माझ्या मागच्या बाकावर होती. प्रार्थनेनंतर हलकेच म्हणाली, "आमोसकाका कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." ती काही बोलणार होती. कीथने बाहेरून हाक मारली.

तिचा आवाज चांगला आहे. मला ती आवडली असती.


१५ जून, शुक्रवार

प्रतिज्ञापत्रावर सही केली. पेनीकॉटनी वाचून दाखवलं. सातवं कलम— "माझ्या वडिलांनी अगर मी सदर वाटेच्या वापरासाठी कै. हेडली ब्रॉक यांची परवानगी कधीही मागितली नाही."

त्यांनी पेन पुढे केलं. म्हणाले, "समोरच्यांकडे पुरावा नाही. बापाने मुलाला गोष्टी सांगितल्या, तो पुरावा होत नाही. मुलगा गेली वीस वर्षं होबार्टला होता, या वर्षांतलं त्याने डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही. लिहून ठेवलेलं काही असतं तर त्यांनी आतापर्यंत आणलं असतं."

सही वाकडी आली. थंडीने.


१७ जून, रविवार

बाबांना आज सगळं सांगितलं. साखळी, ट्रॅक्टर, वकील, कोर्ट. त्यांना बरंचसं ठाऊक असावं. खिडकीतून फाटक दिसतं त्यांना.

सातवं कलम सांगितलं तेव्हा डावा हात खुर्चीवर आपटायला लागले. "नाही. नाही! नाही!!"

मी म्हटलं, "बाबा, बाग जाईल हो. दुसरा हंगाम असा गेला तर ही झाडं उपटावी लागतील. तुम्ही लावलेली झाडं."

"नाही."

हा कुठला 'नाही' ते मला कळलं. पहिल्यांदाच वाटलं— कळलं नसतं तर बरं.


३ ऑगस्ट

ऐन हिवाळा, डोंगरावर बर्फ. बाबा कोर्टात यायचं म्हणून हटून बसलेत. कोटाकडे हात करतात. डॉक्टर म्हणाले, गाडीत नीट बसवून न्या, हरकत नाही. पेनीकॉटना फोन केला तर ते खूशच. "जरूर आणा! न्यायाधीशांना दिसू देत, कुणाची वाट अडवली आहे ते."


१४ ऑगस्ट, मंगळवार

होबार्ट. कोर्ट.

आजच लिहिलं पाहिजे. उद्या मी ते दुसऱ्याच तऱ्हेने लिहीन, ठाऊक आहे मला.

बाबांना चाकांच्या खुर्चीत मागच्या भिंतीशी बसवलं होतं. रविवारचा कोट. शेजारी रेग. कीथ पलीकडच्या बाकावर, थेल्माजवळ. हिवाळी कोट अंगातच ठेवलेला, उजवा हात कोटाच्या आतल्या खिशात. सगळा वेळ. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय.

बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. आमच्या पेनीकॉटांचे प्रश्न सोपे होते. मग कीथचा वकील उठला. तरुण, लालसर केसांचा, बोलायला सौम्य.

"मिस विग्मोर, हेडली ब्रॉक कसे शेजारी होते?"

"चांगले."

"तुमच्या वडिलांचे मित्र?"

"शेजारी," मी म्हटलं. पेनीकॉटनी तसं सांगितलं होतं. मित्र म्हणायचं नाही.

"तोडणीच्या सुरुवातीला तुमचे वडील त्यांच्या घरी जात. खरं?"

"एखाद वेळी गेले असतील. शेजारी होते ते."

"वाट वापरण्याची परवानगी मागायला?"

"नाही."

"एकदाही नाही? तुमच्या उभ्या आयुष्यात?"

"कधीच नाही."

आणि मागून बाबांचा आवाज आला.

"नाही! नाही! नाही!"

अख्खं कोर्ट वळून बघायला लागलं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते, डाव्या हाताने माझ्याकडे बोट, मानेच्या शिरा फुगलेल्या. "नाही!! नाही!!" रेग त्यांना खाली बसवायला बघत होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. अगदी मायेने म्हणाले, "बसा, आजोबा. तुमचं म्हणणं कोर्टाला समजलं आहे."

पेनीकॉट उभे राहून म्हणाले, "महाराज, ही शपथेवरची साक्ष नाही, मला ठाऊक आहे. पण याहून प्रामाणिक आवाज या दालनात उठला नसेल."

लोक हळहळले. एका बाईने तर डोळे पुसले.

मी कठड्याला धरून उभी. त्या सगळ्या माणसांत ते ओरडणं एकट्या मलाच कळलं. आणि कीथला. तो बाबांकडे बघत होता, मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं.

"आणखी काही प्रश्न?" न्यायाधीशांनी विचारलं. लाल केसांचा वकील कीथकडे वळला. कीथने मान हलवली— नाही.

येताना गाडीत बाबा डोळे मिटून होते. झोपले नव्हते.


१५ ऑगस्ट

बाबांनी माझ्या हातून जेवण घेतलं नाही. रेगच्या हातून घेतलं.


२६ ऑगस्ट, रविवार

चर्चला गेले नाही. सर्दीचं निमित्त सांगितलं. त्या पुस्तकावर हात ठेवून खोटं बोलले आणि तेच पुस्तक घेऊन बाकावर बसायचं, नाही जमत.

छाटणीची कामं उरली आहेत. शिडीवर असलं की बरं असतं. फांदीपलीकडे काही दिसत नाही.


७ सप्टेंबर, शुक्रवार

निकाल लागला. वाट आमची. माणसं, गुरं, वाहनं, बाराही महिने, कायमची. कीथने अडवायची नाही. पेनीकॉटनी फोनवर अभिनंदन केलं. "तुमच्या वडिलांना सांगा, त्यांनीच जिंकून दिली!"

बाबांना सांगितलं. पेनीकॉटांचे शब्द सोडून.

बाबा काहीच म्हणाले नाहीत. 'नाही'सुद्धा नाही.


८ सप्टेंबर

सकाळी बघितलं तर कीथ फाटकाशी. साखळी काढायला आला असेल म्हटलं. साखळी काढलीच, वर बिजागऱ्यांचे खिळे उपटले आणि अख्खं फाटक खांद्यावर घेऊन घरी गेला. नुसते दोन खांब उभे आहेत. कोर्टाने फाटक काढायला सांगितलं नव्हतं.


१७ सप्टेंबर, सोमवार

खताची पहिली लॉरी खालून वर आली. मीही बसले रेगजवळ, हक्काने. थेल्मा दोरीवर कपडे घालत होती. लॉरी दिसल्यावर ओले कपडे परत काढून आत नेले.

रेग म्हणाला, "हळू घेऊ का, बाई? धूळ नको."

मी म्हटलं, "हळू घे."

एवढंच. जिंकल्याचा दिवस असा असतो का?


२३ सप्टेंबर, रविवार

बाबा आता माझ्याकडे बघतच नाहीत. दाढी करताना हनुवटी वर करतात, डोळे छताकडे. मी काल हात धरला तर सोडवून घेतला नाही, पण बोटंही मिटली नाहीत. लाकडासारखी राहिली.

मी त्यांना म्हटलं, "बाग वाचली, बाबा. तुमचीच आहे." खिडकीबाहेर बघत राहिले. पिअरच्या झाडाला कळ्या आल्यात.

माझं काय चुकलं? खोटं बोलले, हो. कुणाचं काय गेलं त्यात? कीथची इंचभर जमीन गेली नाही. तोही हट्टी होता की! एक किल्ली देऊन टाकली असती तर ही वेळ आली असती? त्याच्याकडे पुरावा असता तर त्याने मला सोडलं असतं का? भर कोर्टात सोलून काढली असती. त्याच्याकडे नव्हता म्हणून मी जिंकले. ज्याच्याकडे जे असतं ते तो वापरतो. जगाची रीतच आहे ही.

हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.


५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी थेल्मा आली. पायी, एकटीच. बसली नाही. पिशवीतून एक खिशात मावेल एवढी जाड वही काढून टेबलावर ठेवली. हेडलींची. पाऊस, फवारणी, धुकं, बारीक अक्षरात वर्षानुवर्षं. आणि दर वर्षी तोडणीच्या पहिल्या दिवशी एक ओळ. १९३४— "आमोस आला. विचारलं. जा म्हटलं." १९४७— "आमोस, पोरीचा केक. विचारलं. जा म्हटलं." गेल्या वर्षीपर्यंत. एकही वर्ष सुटलेलं नाही.

"यंदाच्या जुलैत माळ्यावर सापडली," थेल्मा म्हणाली. "कीथने वकिलालाही सांगितलं नाही. कोर्टात त्याच्या कोटात होती. म्हणायचा, मर्टल आंटी खोटं बोलणार नाही, बोललीच तर काढीन. तू 'कधीच नाही' म्हणालीस तेव्हा अर्धी बाहेर आली होती. तेवढ्यात आमोसकाका ओरडले, आणि त्याने परत आत सरकवली. घरी येताना म्हणाला, तिचा बाप सांगत होता तिला, सगळ्यांसमोर. त्याच्या डोळ्यांदेखत तिला तुरुंगात पाठवू? एका वाटेपायी? मला म्हणाला, जाळ ही वही. जाळली असंच वाटतंय त्याला. मला नाही जमलं. तू जाळ."

चूल पेटलेलीच होती. थेल्मा गेल्यावर वही घेऊन बाबांपाशी बसले आणि १९३४ पासून एकेक ओळ मोठ्याने वाचली. सगळी वर्षं.

सोमवारी होबार्टला जाते. पेनीकॉट अडवतील, म्हणून सरळ न्यायाधीशांच्या कचेरीत. वही बरोबर नेते.

वाट जाईल. जाऊ दे.